स्वेच्छा कोणाची?

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सतरा वर्षे एका कारखान्यात फिटर होते. काही वर्षांपूर्वी एके संध्याकाळी मालकाने कामगारांना बोलावून प्रत्येकापुढे एक छापील कागद ठेवला. ‘मी स्वेच्छेने निवृत्त होत आहे’ असे त्यावर लिहिले होते. सही केली तर हिशोब लगेच मिळणार होता. न केली तर कोर्टाची पायरी होती. घरी शिकणारी दोन मुले. त्यांनी सही केली.

पुढे त्यांना कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची माहिती मिळाली. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत, नोकरी गेलेल्या विमाधारकास जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के साहाय्य मिळे. २०२० साली ते प्रमाण ५० टक्के झाले. त्यासाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागे, आणि नोकरी गैरवर्तनाच्या शिक्षेने, वयोमानानुसार वा स्वेच्छानिवृत्तीने सुटलेली नसावी लागे. शेवटची अट वाचून त्यांनी अर्ज केलाच नाही. मला मात्र त्यांनी विचारले, “मी खोटे लिहून दिले. हे पाप माझे का?”

अट अन्यायाची आहे, असे म्हणता येणार नाही. विम्याचा निधी सर्वांच्या वर्गणीतून उभा राहतो; त्याची राखण करणाऱ्याला ‘नोकरी का सुटली?’ हे विचारावेच लागते. ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने बेकारी विमा आला, तेव्हाही गैरवर्तनामुळे काम गमावणाऱ्यास किंवा योग्य कारणाशिवाय ते सोडणाऱ्यास सहा आठवडे भत्ता मिळत नसे. ‘योग्य कारणाशिवाय’ हे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. माणूस स्वतः काम सोडतो त्यामागेही न्याय्य कारण असू शकते, हे त्या कायद्याला मान्य होते. पुढे १९२१ पासून, आपण खरोखरच काम शोधीत आहोत हे बेकारानेच सिद्ध करावे, असा दंडक आला. जेथे काम उरलेच नव्हते तेथेही माणसांना दारोदार फिरून पुरावा जमवावा लागे. १९३० साली तो दंडक रद्द झाला. प्रश्न तोच, पण विचारणाऱ्याच्या मनात विश्वास आहे की संशय, यावर सारे अवलंबून असते.

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनीही अकराव्या ताशी चौकात उभ्या असलेल्यांना, रिकामे का उभे आहात, असे विचारतो. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. तो त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात बेकारांना साहाय्य देणे हे कर्तव्य मानले आहे. जगण्याचा हक्क हा त्याचा पाया आहे.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. भीतीपोटी केलेल्या सहीची जबाबदारी हलकी होते, हे नीतिशास्त्राला नवे नाही. पण असत्य नाहीसे होत नाही. ते कागद पुढे करणाऱ्याच्या खाती जमा होते. मालकाने केवळ नोकरी घेतली नाही. ‘ती का सुटली?’ या प्रश्नाला खरे उत्तर देण्याची मुभाही त्याने हिरावून घेतली, आणि ही दुसरी हानी हिशोबाच्या कोणत्याच रकमेत धरलेली नव्हती.

वाचकहो, आपल्यातही लहानमोठे कारखानदार, दुकानदार, ठेकेदार आहेत. धंदा बसला तर माणसे कमी करावी लागतात. तो अपराध नव्हे. पण कामावरून काढले असेल, तर कागदावर तसेच लिहावे. आणि ज्यांच्यापुढे कोणताच कागद येत नाही असे आपले गवंडी, मोलकरणी, नाक्यावरचे मजूर मिस्सेनंतर भेटतील, तेव्हा ‘काम का गेले?’ हा प्रश्न विचारण्याआधी त्यांच्या घरी चूल पेटली का, याची विचारपूस करावी.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, “सही तुमची होती, स्वेच्छा तुमची नव्हती.” ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी, कित्येक आठवड्यांनंतर, ते पुढच्या बाकावर येऊन बसले.