उपद्रवी कोण?

आमच्या परसातील अशोकाखाली सकाळी पेरूचे चघळून टाकलेले चोथे पडलेले असतात. पेरू शेजाऱ्यांच्या झाडाचे आणि केर आमच्या अंगणात, ही तक्रार घरात नित्याची आहे. अपराधी म्हणजे आखूड नाकाचे फळखाऊ वटवाघूळ. वजन सुमारे चाळीस-पन्नास ग्रॅम. देह मुठीत मावेल एवढा. ते फळ तोंडात धरून जरा दूरच्या आडोशास नेते, चावून रस गिळते आणि चोथा थुंकून देते.

ह्या प्राण्याचा गृहस्थाश्रम मात्र पाहण्याजोगा आहे. भेरली माडाच्या लोंबत्या घोसातील मधले सर नर एक एक करून कुरतडतो व आत घंटेसारखी पोकळी तयार करतो. पुण्यात केलेल्या ह्या निरीक्षणांचे वर्णन १९९५ साली प्रसिद्ध झाले. हे घर सिद्ध झाले म्हणजे माद्या तेथे वस्तीस येतात. मादीस एका वेळी एकच पिलू होते. ज्यास आपण निव्वळ चोर समजतो, त्याचे श्रम असे आहेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने फळखाऊ वटवाघळांस पाचव्या परिशिष्टात, म्हणजे कावळे, उंदीर व घुशी ह्यांच्या पंक्तीस, उपद्रवी म्हणून बसविले. त्याच वर्षी एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. १९४८ साली तामिळ मुलुखातील हाय वेव्ही डोंगरांत अँगस हटन ह्यांनी एक वटवाघूळ पकडले होते. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या संग्रहात ते चोवीस वर्षे आपल्या ह्या आखूड नाकाच्या वटवाघळाच्याच नावाखाली पडून होते. १९७२ साली थोंगलोंग्या ह्या संशोधकाने ते तपासले. त्यास शेपूट नव्हते आणि दातही निराळे होते. जात नवी ठरली व तिला सलीम अलींचे नाव मिळाले. पुढे कायद्याने ह्या दुर्मिळ जातीस पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या शेजारी, स्थान दिले. तिची भावंडे मात्र पाचव्यातच राहिली. चिठ्ठी बदलण्यापूर्वी त्या मृत देहाची योग्यता कमी होती काय?

दुर्मिळ म्हणून राखावे हा एक पक्ष. उपयुक्त म्हणून राखावे हा दुसरा. वटवाघळे उंबर-वडासारख्या झाडांचे बी दूरवर पसरवितात, म्हणून त्यांस मारू नये, असे त्यांचे कैवारी सांगतात. म्हणणे खरे आहे. परंतु मला त्याची भीती वाटते. जमाखर्चावर मिळालेले अभय जमाखर्चावरच जाणार! २०१८ साली केरळात निपाह रोगाने माणसे दगावली. त्याच्या विषाणूचा आश्रय मोठ्या जातीची फळखाऊ वटवाघळे होत. तेव्हा खर्चाची बाजू जड झाली, तर उपयुक्ततावाद्यांनी कोणते उत्तर द्यावे?

मला वाटते, प्रश्नच चुकीचा विचारला जातो. बागाईतदाराचे नुकसान खरे आहे. त्याने फळांवर जाळी घालावी, रोगाच्या काळात उष्टावलेले फळ कोणी खाऊ नये. स्वतःचे रक्षण करण्यास कोणाची हरकत नाही. पण रक्षणासाठी एखाद्या संबंध जातीस अपराधी ठरविणे, आणि तेही ती आपल्या पोटासाठी फळ खाते म्हणून, हे निराळे कृत्य आहे. पेरू आपला हे त्या जीवास कोणी सांगितले होते? अपराध ठरण्यास आधी नियम ठाऊक असावा लागतो, एवढे तर आपण पोरासही सोडून देताना मानतो.

२०२२ च्या दुरुस्तीने ते पाचवे परिशिष्ट काढून टाकले. उपद्रवी ठरविण्याचा अधिकार मात्र सरकारने आपल्या हाती ठेवला आहे. आमच्या घरी ह्या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही. शेजाऱ्यांनी यंदा झाडाच्या खालच्या फांद्यांना जाळी बांधली, वरच्या तशाच सोडल्या. आणि अंगण मी सकाळी झाडतो.