पडद्यामागची भीती

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. बेळगावचा पाऊस एकदा धरला की लवकर सुटत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. उपासना आटोपली होती आणि शब्बाथशाळेची मुले पाऊस थांबण्याची वाट पाहत मंदिराच्या व्हरांड्यात उभी होती. त्यांतील चौदा वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, 'तुंबाड' पिक्चरमधली ती भयानक आजी हाय न्हवं? ती आजी न्हाईच सर, एक पोरगा हाय!"

त्याने चित्रपट पाहिला नव्हता. घरी तशी परवानगी नव्हती. त्याने पाहिली होती ती चित्रपट कसा तयार झाला हे दाखवणारी, निर्मात्यांनीच लोकांसाठी खुली केलेली चित्रफीत. ज्या म्हातारीचे नाव काढताच वर्गातील मुले दचकत, तिचे गुपित कळल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. घरी जाऊन मीही ती चित्रफीत पाहिली, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. माणसाला भिववून चांगल्या मार्गाला लावणे योग्य आहे काय?

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, पण माती मराठी. कथेची प्रेरणा नारायण धारप यांच्या भयकथेची, नाव रत्नागिरी जिल्ह्यातील गावाचे आणि वाडा सासवडच्या पुरंदऱ्यांचा. चित्रीकरण २०१२ साली सुरू झाले, मग २०१५ साली त्याचा बराच भाग पुन्हा केला गेला. पडद्यावरचा पाऊस खरा हवा म्हणून ही मंडळी कित्येक पावसाळे थांबली. शापित आजीचे काम मोहम्मद समद या बालकलाकाराने केले. नायकाचा मुलगा पांडुरंग, तोही हाच. रंगभूषेचे थर चढवून एका पोराची जख्ख म्हातारी केली होती.

आता विचार करा. आजी म्हणजे रंगवलेला मुलगा आहे हे कळल्यावर तिची भीती उरत नाही. पण चित्रपटात आणखी एक भीती आहे. विनायक नावाचा मनुष्य सोन्याच्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा त्या शापित वाड्याच्या पोटात उतरतो, पुढे आपल्या लहान मुलालाही तेच शिकवतो आणि अखेर त्या लोभातच संपतो. वाड्याचे गर्भगृह हा उभारलेला देखावा आहे हे कळले, तरी ही दुसरी भीती कमी होत नाही. कारण ती रंगाची नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे सख्खे भाऊ आपण आपल्याच मंडळीत पाहतो.

म्हणजे भीती दोन प्रकारची असते. एक अंधारावर जगते आणि उजेडात मरते. दुसरी उजेडात अधिक स्पष्ट दिसते. अडचण अशी की आपण वडीलधारी माणसे पुष्कळदा दुसरीचे काम पहिलीकडून करून घेऊ पाहतो.

माझे बालपण निपाणीत गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला तंबाखूची वखार होती. तिच्यात खवीस आहे, मुलांना धरून नेतो, असे मोठी माणसे आम्हांला सांगत. खरे कारण साधे होते. आतल्या धुळीने ठसका लागे, डोके गरगरे, आणि रचलेली बोदे अंगावर कोसळण्याचा धोका असे. पण ते समजावून सांगण्यापेक्षा खवीस सांगणे सोपे. बाराव्या वर्षी आम्हां चौघा मित्रांना कळले की खवीस नाही. त्याच दिवशी आम्ही वखारीत शिरलो आणि आयुष्यातली पहिली विडी तेथे ओढली. खवीस मेला तेव्हा त्याच्यासोबत वडिलांचा खरा इशाराही मेला. खोट्या आधारावर उभे केलेले सत्य, आधार पडताच पडते. चूक सत्याची नसते, पण शिक्षा त्याला होते.

कोणी म्हणेल, परमेश्वराचे भय हे ज्ञानाचे मूळ आहे असे शास्त्रच शिकवते, मग भय दाखवण्यात गैर काय? आक्षेप रास्त आहे. 'द एक्झॉर्सिस्ट' या १९७३ सालच्या प्रसिद्ध भयपटाच्या घडणीवर बीबीसीने १९९८ साली केलेल्या माहितीपटाला नावही 'देवाचे भय' अशा अर्थाचेच दिले होते. त्या चित्रपटात मुलीच्या खोलीचा देखावा यंत्रांनी गोठवून थंड केला होता, नटांच्या श्वासाची वाफ दिसावी म्हणून. इथवर ठीक. परंतु आईचे काम करणाऱ्या एलेन बर्स्टिन यांना दोराने मागे खेचले, त्या पाठीवर आपटल्या आणि त्यांना खरी दुखापत झाली. ती वेदनेची किंकाळी चित्रपटात तशीच ठेवली आहे. एका प्रसंगात धर्मगुरूचे काम करणारे गृहस्थ खरोखरच धर्मगुरू होते. त्यांचे हात थरथरावेत म्हणून दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी आधी त्यांचा विश्वास आहे ना, असे विचारले आणि मग त्यांच्या मुस्कटात मारली. प्रसंग उत्तम साधला. पण साधला म्हणून ते कृत्य योग्य ठरले काय? ज्याने विश्वास टाकला, त्याच्यावरच हात टाकला गेला.

हे पाहताना मला बसवेना, कारण मीही असेच केले आहे. सुमारे अठरा वर्षांपूर्वी, न्यायाच्या दिवसाचा धडा शिकवताना, मी खोलीच्या खिडक्या झाकून दिवा मालवला आणि पडद्यामागे एका साहाय्यकाला पत्रा घेऊन बसवले. मी आवाज चढवला की त्याने पत्रा हलवून गडगडाट करायचा. त्या दिवशी नऊ मुलांनी रडत हात वर केले. सात वर्षांच्या एका मुलीच्या आईने पुढे सांगितले की मुलगी रात्री परसात जात नाही, दिवा मालवू देत नाही. मी मनात म्हटले, वचन रुजले! आज ती मुलगी मोठी झाली आहे, परगावी असते, आणि उपासनेला जात नाही. ते माझ्यामुळेच, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. माझ्यामुळे नाही, असे म्हणण्याचाही नाही.

मग मुलांना भय सांगूच नये काय? सांगावे, पण आपली सामग्री त्यांच्यापुढे उघडी ठेवता येईल इतकेच सांगावे. ज्या धड्याचा पडदा बाजूला सारल्यावरही काही उरते, तो धडा खरा. आणि प्रीती पूर्ण झाली की भीतीला जागा राहत नाही, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात समजावतो, तेव्हा भय ही वाट आहे, मुक्काम नव्हे, एवढे तरी शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

पुढच्या रविवारी मी तो जुना पत्रा शोधून वर्गात नेला. खिडक्या उघड्या ठेवून वाजवून दाखवला आणि पूर्वी मी काय केले होते ते मुलांना सांगितले. मुले खूप हसली, प्रत्येकाने एकेकदा पत्रा वाजवला. मग त्याच चौदा वर्षांच्या मुलाने विचारले, "मग सर, न्यायाचा दिवसबी खोटाच काय?"

या प्रश्नाच्या भीतीनेच मी इतकी वर्षे पत्रा लपवला होता. मी म्हणालो, "बाळ, गडगडाट मी केला. पण आपण कुणाचे वाईट केले तर त्याचा जाब द्यावा लागतो, हे काही मी पत्र्यातून काढलेले नाही. माझेच पाहा ना. मला एकीला जाब द्यायचा आहे."

त्या मुलीच्या आईकडून मी तिचा पत्ता घेतला आहे. क्षमा मागणारे पत्र दोनदा लिहून फाडले. हा लेख पुरा झाला की तिसऱ्यांदा लिहायला बसणार आहे.