अनिर्णीत



आजचा श्लोक : गीता, अध्याय २, श्लोक ६.

अर्जुन इथे म्हणतो, आपण त्यांना जिंकू की ते आपल्याला, कळत नाही. आणि यातलं आपल्या हिताचं कुठलं, तेही कळत नाही. म्हणजे निकाल अनिर्णीत आणि त्या निकालाची किंमतही अनिर्णीत.

हा शब्द आपल्यापैकी बहुतेक जण क्रिकेटमुळे शिकले. (पेपरात बऱ्याचदा ‘अनिर्णित’ छापतात, मूळ रूपात ‘णी’ दीर्घ.) धातू ‘नी’, म्हणजे नेणे. नेता, नीती त्याच घरातले. गोष्ट शेवटापर्यंत नेली की निर्णय. तिथवर पोचलीच नाही तर अनिर्णीत. बरोबरी वेगळी. १९८६ साली मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी ‘टाय’ झाली, तो पक्का निकाल होता. उलट १९३९ ची डर्बनची कसोटी बघा. वेळेची मर्यादाच नव्हती, तरी अनिर्णीत! इंग्लंडला ६९६ हवे होते, ५ बाद ६५४ झाले आणि परतीची बोट गाठायची म्हणून खेळ थांबला. ४२ धावा राहिल्या त्या राहिल्याच.

आईच्या तपासणीचा रिपोर्ट सध्या असाच आलाय. डॉक्टर म्हणाले, यातून निष्कर्ष निघत नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा करू. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणतात, “म्हणजे काही नाही ना!” बाकीचे आत्तापासून रडवेले. दोघांनीही रिपोर्टच्या वतीने निर्णय देऊन टाकला.

भगवंत मात्र तसं करत नाहीत. श्लोक ३७ मध्ये ते दोन्ही शक्यता समोर ठेवतात: मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. आमच्या भाषेत, ‘इफ’ आणि ‘एल्स’ दोन्हीकडचं लिहून ठेवलंय. तिथेच शब्द येतो ‘कृतनिश्चय’. निर्णय बाहेर लागायचा असतो, निश्चय आत करायचा असतो. ‘फळाची आशा सोडा’ एवढंच सांगून गीता संपवणाऱ्यांना हा फरक दिसत नाही असं मला वाटतं. पुढे अकराव्या अध्यायात देव निकालही सांगून टाकतात, तू जिंकशील म्हणून. पण अर्जुनाला सांगणं तेच, अगदी शब्दही तोच: ऊठ. निकाल माहीत नव्हता तेव्हाही, कळल्यावरही.

आईचे अजून चार आठवडे बाकी आहेत. गोळ्या वेळेवर, सकाळचं फिरणं आणि संध्याकाळचा हरिपाठ चालू आहे. परवा तिने लोणच्यासाठी कैऱ्याही आणायला सांगितल्या.