फुकटचे पाकीट आणि त्याची किंमत

परभणीच्या एका मशिदीत असरच्या नमाजानंतर काही महाविद्यालयीन तरुणांशी बोलणे चालले असता मोबाइलवरील पत्त्यांच्या एका खेळाचा विषय निघाला. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी जगभर खुला झालेला ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम पॉकेट’ हा तो खेळ. तो घेण्यास पैसे लागत नाहीत. दर बारा तासांनी एक बंद पाकीट विनामूल्य मिळते. आत पाच पत्ते असतात. ते कोणते, हे पाकीट उघडल्यावरच कळते. ज्याला धीर नाही, त्याला पैसे भरून आणखी पाकिटे उघडता येतात.

या खेळाविषयी तिघांची तीन मते पडली. पहिला म्हणाला, “मी एक रुपयाही दिलेला नाही, मग हा जुगार कसा?” दुसरा म्हणाला, “मी दिले, पण बदल्यात पत्ते मिळाले. कोणाचे काही हिरावून घेतले नाही.” तिसरा बराच वेळ गप्प होता. अखेरीस खाली पाहत तो म्हणाला, “पाकिटाची वेळ झाली की नमाजातही तेच आठवते.”

पहिल्याचे म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. फिकहशास्त्राच्या दृष्टीने जुगारात प्रत्येकाने काही पणाला लावलेले असते आणि एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून उभा राहतो. ज्याने काहीच लावले नाही, त्याच्यावर ही व्याख्या लागू होत नाही. अल्लाहने जे हराम केलेले नाही, ते आपल्या नापसंतीपायी हराम ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘गरर’ असलेल्या, म्हणजे मूळ वस्तूच अनिश्चित असलेल्या व्यवहारास मनाई केली. पाण्यातला मासा आणि आकाशातला पक्षी ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. फळ पक्वतेस येण्यापूर्वी ते विकण्यासही त्यांनी मनाई केली. आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. मोहरावर आमराईचा सौदा झाला आणि अवकाळी वाऱ्याने मोहर झडला, तर दोन घरांत कायमचे वितुष्ट येते. बंद पाकीट पैसे देऊन घेणारा तरुण असाच सौदा करतो. त्याला हवा असतो एक दुर्मीळ पत्ता. पैसे मात्र तो त्या पत्त्याच्या केवळ शक्यतेसाठी मोजतो. पत्ता न निघाल्यास तो पुन्हा पैसे भरतो. कंपनी प्रत्येक पत्ता निघण्याचे प्रमाण जाहीर करते हे खरे; परंतु हरण्याचे प्रमाण आधी सांगितल्याने अनिश्चितता संपत नाही.

शिवाय मिळालेले पत्ते तरी खरोखर त्याचे असतात काय? जानेवारी २०२५ मध्ये या खेळात पत्त्यांच्या अदलाबदलीची सोय झाली, तेव्हा खेळाडूंनीच तीव्र नाराजी व्यक्त केली. एक दुर्मीळ पत्ता मित्राला देण्यासाठी आपले इतर पत्ते कायमचे गमवावे लागत होते. कंपनीला पुढे हे नियम बदलावे लागले. आपली म्हणवणारी वस्तू आपल्या इच्छेने मित्राला देता येत नसेल, तर ती मालकी कसली?

कायद्याने या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. जपानने २०१२ मध्ये ठरावीक पत्त्यांचा संच पूर्ण केल्यावर बक्षीस देणारा सोडतीचा प्रकार बेकायदा ठरवला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील विकतच्या बंद पेट्यांना जुगार म्हटले. भारताच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. परंतु श्रद्धावंताचा प्रश्न कायद्याच्या सीमेवर संपत नाही.

म्हणूनच मला तिसऱ्या तरुणाचे बोलणे सर्वांत मोलाचे वाटते. सूरह अल-माइदामध्ये मद्य व जुगार निषिद्ध करताना कारणही दिले आहे: त्यांद्वारे सैतान माणसामाणसांत वैर पेरू पाहतो आणि त्यांना अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू पाहतो. कारण सांगितले जाते ते यासाठी की, ते इतरत्र दिसले तरी माणसाने सावध व्हावे. फुकटचे पाकीट जुगार नसेल, पण दिवसातून दोनदा ते आपली वाट पाहायला लावते. ज्या दिवसाची विभागणी पाच नमाजांनी व्हावी, तो दिवस बारा-बारा तासांच्या पाकिटांनी विभागला जातो. आणखी एक गोष्ट घडते. कष्टाशी फळाचा संबंध असतो, ही जाण हळूहळू पुसट होते आणि मन अवचित लाभाची आस धरू लागते. आज फुकट धरलेली ही आस उद्या खिशात हात घालायला लावते. फुकट वाटण्यामागचा व्यापारी हिशेब हाच असतो.

“मग खेळायचे की नाही?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, विरंगुळा इस्लामला वर्ज्य नाही. मात्र बंद पाकिटासाठी पैसे देऊ नका. आणि जे फुकट मिळते, ते सलग आठ दिवस न उघडता ठेवून पाहा. मन शांत राहिले तर तो तुमचा खेळ आहे. मन तळमळले, तर तुम्ही त्या खेळाचे झाला आहात.

आयुष्य कशात वेचले आणि धन कोठून मिळवून कशावर खर्चले, हे कयामतच्या दिवशी विचारले जाईल, असे प्रेषितांनी सांगितले आहे. त्या तरुणांपैकी एकाने धनाचा हिशेब दिला होता. आयुष्याच्या हिशेबाची आठवण मात्र तिसऱ्यालाच झाली. अल्लाह आपणा सर्वांना ती वेळेवर होऊ देवो. आमीन.