सहलीची वाट, नवसाची वाट

इटलीच्या लिगुरिया प्रांतात चिंक्वे तेर्रे हा किनारा आहे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही त्यावरची पाच गावे. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला आगगाडीने चार-पाच मिनिटे पुरतात. त्यामुळे सकाळी ला स्पेत्सियाहून निघालेला प्रवासी पाचही गावे पाहून दिवेलागणीला परत पोचू शकतो. पायी जायचे तर समुद्राच्या अंगाने कड्यावरून जाणारी सुमारे बारा किलोमीटरची ‘निळी वाट’ आहे. पाचही गावांच्या माथ्यावर, डोंगरात, मरियामातेचे एकेक देवस्थान आहे. मोंतेरोस्सोचे सोव्हिओरे तर समुद्रापासून चारशे मीटरांहून उंच. या देवस्थानांना जोडणारी वाट वेगळी. खालची वाट सहलीची, वरची नवसाची. दोन्हींवरून समुद्र एकच दिसतो. तो नुसता डोळे भरून पाहणे आणि त्याच्यापुढे हात जोडणे यांत नाते काय, हा प्रश्न मात्र या वाटांहून जुना आहे.

संत ऑगस्टीनचे उत्तर कडक होते. माणसे पर्वत, लाटा, नद्या आणि तारे पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात, अशी तक्रार त्याने आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात केली. इटालियन कवी पेत्रार्काच्या पत्रानुसार 26 एप्रिल 1336 रोजी तो प्रोव्हान्समधल्या माँ व्हाँतू पर्वतावर चढला, दूरवर मार्सेयचा समुद्र पाहिला, बरोबर नेलेले ‘कन्फेशन्स’ उघडले आणि नेमका हाच मजकूर समोर आला. तो ओशाळला आणि उतरताना गप्प राहिला. हे पत्र त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी रचले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असले तरी निव्वळ दृश्यासाठी डोंगर चढणे ही कबुली देण्याजोगी गोष्ट आहे, असे त्याला वाटले हे खरेच.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने 1790 सालच्या आपल्या ग्रंथात हा अपराधभाव पुसून टाकला. त्याच्या मते सुंदर वस्तूकडून आपल्याला काही मिळवायचे नसते, म्हणूनच तिचा आनंद शुद्ध असतो. आणि भव्यतेचा प्रत्यय यायचा तर पाहणारा सुरक्षित जागी उभा हवा. याच ग्रंथात सावोयचा एक शेतकरी डोकावतो. हिमशिखरांवर भाळणाऱ्यांना तो सरळ मूर्ख म्हणतो. शेतकरी समंजस आहे हे कांटला मान्य आहे, पण भव्यता कळायला मनाची मशागत लागते, असे त्याचे म्हणणे. स्वतः कांटने आल्प्स कधी पाहिले नव्हते. निदान या एका मुद्द्यावर शेतकऱ्याची साक्ष अधिक वजनाची ठरते.

कारण चिंक्वे तेर्रेत जे ‘दृश्य’ म्हणून पाहिले जाते ते मुळात शेत आहे. उभ्या डोंगराला शतकानुशतके पायऱ्या पाडून द्राक्षे लावली गेली आणि त्या पायऱ्या चुन्या-मातीशिवाय रचलेल्या दगडी बांधांनी तोलून धरल्या. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, त्याच जातीचे हे काम. 1997 साली युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला तो याच मानवी घडणीसाठी. गडगा दरवर्षी डागडुजी मागतो. शेत सोडले की तो फुगतो आणि एखाद्या पावसात बसतो. 25 ऑक्टोबर 2011 च्या अतिवृष्टीत मोंतेरोस्सो आणि वेर्नात्साच्या गल्ल्या चिखलाने आणि दगडांनी भरून गेल्या. कांटच्या निरपेक्ष डोळ्याला जे दिसते, ते कोणाच्या तरी पुरेपूर सापेक्ष श्रमांवर उभे आहे.

दर्यावर्दी माणसाची नजर तर आणखी निराळी. याच लिगुरियात कामोल्यीच्या माता-देवस्थानात खलाशांनी वाहिलेली नवसाची चित्रे आहेत. अशा चित्रांतला समुद्र सहसा शांत नसतो: गलबत कलंडलेले, शिडे फाटलेली आणि वर ढगांत एका कोपऱ्यात मरियामाता.

ऑगस्टीन आणि कांट यांच्यामधली वाट सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने काढली. 1942 मध्ये, मार्सेयच्या वास्तव्याच्या शेवटी, तिने जगाच्या सौंदर्यावरील प्रेम हे ईश्वरावरील अप्रकट प्रेमाचे एक रूप मानले. पाहणे आणि खाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सौंदर्यापुढे माणसाने पाहत राहावे, गिळू नये, हा तिचा आग्रह. तिचे हे पाहणे ऐटीतले नव्हते. 1941 च्या शरदात ती गार प्रांतात द्राक्षतोडणीला गेली होती आणि काम करता करता ग्रीक भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणत असे. बघ्याची दृष्टी आणि मजुराचे हात एका शरीरात नांदू शकतात, याचा हा पुरावा. मात्र काही मागण्यासाठी केलेली प्रार्थना तिला कमअस्सल वाटे, आणि इथे ती कामोल्यीच्या खलाशावर अन्याय करते. त्याने मागितले होते ते जिवंत परतणे. इटलीतल्या नवसाच्या चित्रांवर पुष्कळदा चार लॅटिन आद्याक्षरे असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की नवस बोलला आणि कृपा झाली.