पारखण्याचा अधिकार

अतींद्रिय शक्तींच्या अस्तित्वाविषयी वाद सुरू झाला, की मूळ प्रश्न थोड्याच वेळात मागे पडतो आणि 'या विषयावर बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय?' या एकाच मुद्द्यावर उभय पक्षांची झुंज जुंपते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. श्रद्धावान पक्षाचे म्हणणे असे, की ज्याने साधना केली नाही, ज्याने त्या विद्येचे ग्रंथ उघडून पाहिले नाहीत आणि ज्याच्या वाट्याला तो अनुभव आला नाही, त्याने त्या विद्येविषयी निवाडा देणे हा उद्धटपणा आहे. उलट चिकित्सक पक्ष असे बजावतो, की ज्या शास्त्राचा विषयच अद्याप सिद्ध झालेला नाही, त्या शास्त्रात कोणी तज्ज्ञ संभवतच नाही, मग त्याच्या ग्रंथाध्ययनाची मातबरी ती काय मानायची? दोन्ही उत्तरे ऐकताना निर्णायक वाटतात, परंतु पहिले उत्तर मान्य केले तर कोणत्याही विद्येची परीक्षा त्या विद्येच्या उपासकांखेरीज कोणालाच करता येणार नाही, आणि दुसरे मान्य केले तर परीक्षेपूर्वीच निकाल लागून जातो. हा प्रश्न केवळ वादातील डावपेच म्हणून सोडून देण्यासारखा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. आणि त्याची उकल करायची तर तो जिथे अत्यंत तीव्रतेने आणि अत्यंत थोर माणसांमध्ये लढला गेला, त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपात आपण गेले पाहिजे.

१८७६ साली हेन्री स्लेड नावाचा एक अमेरिकन माध्यम लंडनला आला. त्याची ख्याती पाटीवरील लेखनाबद्दल होती: कोरी पाटी टेबलाच्या फळीखाली धरावयाची, तिच्यावर पेन्सिलीचा लहानसा तुकडा ठेवावयाचा, काही वेळाने खरखर ऐकू यावयाची, आणि पाटी बाहेर काढली म्हणजे तिच्यावर परलोकवासी आत्म्याचा संदेश उमटलेला दिसावयाचा. रे लँकेस्टर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने एका बैठकीत, लेखन सुरू होण्याची वेळ येण्यापूर्वीच, ती पाटी अकस्मात हिसकावून घेतली, तो तिच्यावर मजकूर आधीच तयार होता. बो स्ट्रीटच्या न्यायालयात फिर्याद दाखल झाली. मॅस्केलिन या प्रख्यात जादूगाराची साक्ष झाली. स्लेडच्या बचावासाठी ॲल्फ्रेड रसेल वॉलेस साक्षीदार म्हणून उभा राहिला, तर फिर्यादी पक्षाच्या खर्चासाठी चार्ल्स डार्विनने दहा पौंड दिले. ज्या दोघांचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त १८५८ मध्ये एकाच सभेत जगापुढे मांडला गेला, ते दोघे या कज्ज्यात परस्परविरुद्ध बाजूंना होते, ही गोष्ट मला विलक्षण बोधप्रद वाटते. निरीक्षणशक्ती, प्रामाणिकपणा, विद्वत्ता यांपैकी कशातही त्यांच्यात डावे-उजवे करण्याजोगे अंतर नव्हते. तेव्हा 'थोर शास्त्रज्ञ काय म्हणतात' या कसोटीने तिथे काहीच निष्पन्न होण्यासारखे नव्हते. स्लेडला तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली, अपिलात ती तांत्रिक कारणावरून रद्द झाली, आणि तो युरोप खंडात निघून गेला.

१८७७ च्या डिसेंबरात लाइप्झिगला झ्योल्नर या ज्योतिर्भौतिकीच्या प्राध्यापकाने त्याच्याबरोबर बैठकी केल्या. अवकाशाला चौथी मिती असली पाहिजे, अशी झ्योल्नरची धारणा होती, आणि दोन्ही टोकांना लाखेची मोहोर केलेल्या दोरीला स्लेडच्या सान्निध्यात गाठी पडलेल्या पाहून त्या धारणेला प्रत्यक्ष पुरावा मिळाला, असे त्याने जाहीर केले. वेबर, फेख्नर, शाइब्नर हे त्याचे नामवंत सहकारी काही बैठकांना उपस्थित होते. इतक्या मोठ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट शास्त्राचा विषय मानलीच पाहिजे, असा युक्तिवाद हाले येथील तत्त्वज्ञ उल्रिची याने केला, आणि त्याला विल्हेल्म वुंट याने १८७९ मध्ये एका जाहीर पत्राने उत्तर दिले. वुंट स्वतः एका बैठकीला हजर होता. त्याच्या उत्तरातील गाभा असा, की एखाद्या शास्त्रातील कीर्ती ही त्या शास्त्राच्या हद्दीबाहेर अधिकाराची सनद ठरत नाही. येथे अधिकार कोणाचा असेल तर तो अशा प्रकारच्या देखाव्यांची, हातचलाखीसकट, ज्याला पुरेपूर जाण आहे त्याचा.

या विचाराला मी आणखी एक गोष्ट जोडू इच्छितो. भौतिकशास्त्रज्ञाची सारी घडण ज्या विश्वासावर झालेली असते, तो विश्वास असा, की निसर्ग गूढ असेल, दुर्गम असेल, पण तो आपल्याला फसविण्याचा बेत करीत नाही. चुंबकसूची निरीक्षकाची नजर दुसरीकडे वळण्याची वाट पाहत बसत नाही. जिथे निरीक्षणाचा विषयच एक बुद्धिमान मनुष्य असून त्याला आपल्या दृष्टीचा रोख ओळखता येतो, तिथे ही घडण उपयोगी पडत नाही, किंबहुना तीच घातक ठरते. खोट्या नाण्याच्या तंट्यात धातुशास्त्राच्या पंडितापेक्षा पेढीवर बसणाऱ्या सराफाला जो मान मिळतो, तो याच कारणास्तव. धातूचे गुणधर्म पंडित अधिक जाणतो, परंतु नाणी खोटी पाडणाऱ्यांचे मार्ग सराफाच्या नित्य परिचयाचे असतात.

मग जादूगाराला पंच नेमले म्हणजे प्रश्न सुटला काय? दुर्दैवाने तसे नाही. त्याच १८७७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या राजदरबारचा जादूगार बेलाकिनी याने नोटरीसमोर एक दस्तऐवज करून दिला, की स्लेडचे प्रयोग आपण तपासले असून हातचलाखीने त्यांचा उलगडा होणे अशक्य आहे. परलोकवाद्यांनी हा कागद पुढे कित्येक वर्षे अग्रभागी मिरवला, आणि त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते, कारण प्रतिपक्षाने ज्याला तज्ज्ञ म्हटले त्याचीच ही कबुली होती. परंतु त्या कबुलीकडे नीट पाहिले तर तिच्यात दोन विधाने एकमेकांत मिसळलेली आढळतात. 'हे कसे घडले ते मला कळले नाही' हे सांगण्याचा अधिकार बेलाकिनीला निःसंशय होता. 'हे कोणत्याही युक्तीने घडणे शक्य नाही' हे सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि तो कोणत्याच तज्ज्ञाला कधी असू शकत नाही, कारण सर्व युक्त्यांची यादी कोणाजवळही नसते.

या सर्व प्रकरणात ज्या प्रयोगाने मला सर्वाधिक विचार करावयास लावले, तो एस. जे. डेव्ही नावाच्या एका इंग्रज तरुणाचा आहे. तो प्रथम एग्लिंटन या माध्यमाच्या पाटीलेखनावर विश्वास ठेवणारा होता. पुढे संशय येऊन त्याने ती कला स्वतः हस्तगत केली, आणि १८८६ मध्ये सुशिक्षित, चौकस अशा स्त्री-पुरुषांपुढे बैठकी करून, झाल्यावर प्रत्येकाने पाहिलेला वृत्तान्त लिहून द्यावा, अशी विनंती केली. १८८२ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या मानसिक संशोधनाच्या संस्थेच्या वतीने रिचर्ड हॉजसन याने त्या जबान्या डेव्हीच्या प्रत्यक्ष कृतीशी ताडून पाहिल्या, आणि १८८७ मध्ये दोघांनी तो तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. पाटी क्षणभरही नजरेआड झाली नाही, असे ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांदेखत ती बदलली गेली होती. पाटी आपण स्वतः तपासली, असे ज्यांनी खात्रीने सांगितले त्यांनी ती भलत्याच वेळी तपासली होती. मधले खोळंबे, इकडचे-तिकडचे बोलणे, वस्तूंची हलवाहलव ही त्यांच्या वृत्तान्तातून गळून गेली होती आणि घटनांचा क्रम बदलून बसला होता. हे साक्षीदार खोटे बोलत नव्हते. आपल्याला जे महत्त्वाचे वाटले नाही ते माणसाच्या स्मरणातून निसटते, आणि फसवणुकीचे सारे मर्म नेमके त्या महत्त्वाच्या न वाटलेल्या क्षणात साठविलेले असते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. परंतु 'मी स्वतः पाहिले' या वाक्यावर ज्यांनी आपला सारा अधिकार उभारला होता, त्यांचा पाया त्यामुळे हलला.

यावर वॉलेसने जे उत्तर दिले, ते या वादाच्या इतिहासात कधी विसरले जाऊ नये. १८९० च्या अखेरीस डेव्ही अकाली वारला. पुढील वर्षी वॉलेसने लिहिले, की सर्व प्रयोगांची युक्ती उघड करून दाखविली जात नाही तोवर डेव्ही हा जादूगार नसून खराखुरा माध्यमच होता, असे मानणे भाग आहे. हॉजसनने १८९२ मध्ये त्या युक्त्या सविस्तर प्रसिद्ध केल्या. वॉलेसविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्याचे हे उत्तर वाचताना क्लेश होतात. कारण ज्याने ती करामत केली तोच 'मी ती हाताने केली' असे सांगत असताना, त्या कबुलीवरसुद्धा निवाडा देण्याचा हक्क वॉलेसने स्वतःकडे ठेवला. पुढे विसाव्या शतकात सर आर्थर कॉनन डॉइल यांनी जादूगार हुडिनीच्या बाबतीत हीच भूमिका घेतली.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी अधिक मूलगामी रीतीने झाला होता. नैयायिकांनी योगिप्रत्यक्ष, म्हणजे योग्याला होणारे अतींद्रिय ज्ञान, मानले, मीमांसकांनी ते नाकारले. आणि कुमारिल भट्टाने सर्वज्ञत्वाच्या दाव्यावर जी हरकत घेतली, तिचा आशय असा, की अमुक पुरुष सर्वज्ञ आहे हे त्याच्या समकालीन जिज्ञासूंना कळावे कसे, जर त्याच्या ज्ञानाचे विषय त्यांना स्वतःला ज्ञात नसतील? सर्वज्ञाला ओळखण्यासाठी ओळखणाराही सर्वज्ञच लागेल, आणि मग त्याला ओळखणारा तिसरा. कुमारिलाने हा युक्तिवाद वेदांच्या अपौरुषेयत्वाच्या रक्षणार्थ योजला, मुक्त विचाराच्या नव्हे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि 'अनुभव आलेल्यानेच बोलावे' या म्हणण्याला याहून नेमके उत्तर मला कुठे आढळलेले नाही. ज्याचा अधिकार फक्त त्याच्याच पंथातल्या माणसाला ओळखता येतो, त्याच्या अधिकाराला पंथाबाहेर काही अर्थ उरत नाही. याउलट वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे, लक्षण सांगताना ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, मग तो कोणीही असो.

चिकित्सकांचेही आचरण सर्वत्र निर्दोष नव्हते. परलोकवादाची चौकशी करणाऱ्या अमेरिकेतील सायबर्ट आयोगाच्या वतीने फुलर्टन १८८६ मध्ये लाइप्झिगला जाऊन झ्योल्नरच्या सहकाऱ्यांना भेटला. फेख्नरची दृष्टी अधू होती, ही त्याने मिळविलेली माहिती सर्वस्वी प्रस्तुत होती. परंतु चार वर्षांपूर्वी मृत्यू पावलेल्या झ्योल्नरची बुद्धीच ठिकाणावर नव्हती, या मुद्द्यावर जो भर देण्यात आला, तो मला अन्यायाचा वाटतो, कारण वेड्याने पाहिलेली गाठही पडली होती की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तीच गोष्ट मद्रासजवळच्या अड्यारची. हॉजसनने १८८४-८५ मध्ये तेथे जाऊन थिऑसॉफीच्या प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्याकडील 'महात्म्यांच्या पत्रां'ची चौकशी केली. लंडनच्या ज्या हस्ताक्षरतज्ज्ञाने प्रथम ती पत्रे त्यांच्या हातची नाहीत असे म्हटले, त्यानेच अधिक नमुने पाहिल्यावर आपले मत फिरविले, आणि तब्बल एका शतकानंतर, १९८६ मध्ये, बनावट दस्तऐवजांच्या परीक्षणात मुरलेल्या व्हर्नन हॅरिसन यांनी मानसिक संशोधनाच्या त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या अहवालावर कठोर टीका केली. संशयाच्या बाजूने उभा राहिला म्हणून तज्ज्ञाचे प्रमाणपत्र अधिक वजनदार होत नाही.

या दृष्टीने पुण्यात झालेली फलज्योतिषाची चाचणी मला फार मोलाची वाटते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे या चौघांनी ती योजली आणि २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले अशा दोनशे जणांच्या कुंडल्या जमविण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस कुंडल्या देऊन, कोणती कोणत्या गटातली एवढेच सांगावयाचे होते. एक्कावन्न ज्योतिषांनी कुंडल्या मागविल्या, सत्तावीस जणांची उत्तरे आली. त्यांत अचूक उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा सेहेचाळीस होते, आणि सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चाळिसांपैकी चोवीस उत्तरे बरोबर आली. एका ज्योतिषसंस्थेने सर्व दोनशे कुंडल्या घेतल्या होत्या. तिची एकशे दोन उत्तरे बरोबर ठरली. नाणेफेक करूनही याच्या आसपासच संख्या आली असती.

परंतु निकालापेक्षा मी अधिक महत्त्व देतो ते कामाच्या वाटणीला. कुंडली कशी वाचावी, हे संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने ज्योतिषांना शिकविले नाही. ज्याने त्याने आपल्या परंपरेप्रमाणे, आपल्या नियमांनी, आपल्या घरी बसून ती वाचावी, अशी मुभा होती. उलट उत्तरे मोजण्याचे आणि योगायोगाचा हिशेब करण्याचे काम ज्योतिषांकडे नव्हते. चौघांपैकी घाटपांडे हे एके काळी स्वतः फलज्योतिषाचा अभ्यास आणि व्यवसाय केलेले गृहस्थ, त्यामुळे 'तुम्हांला शास्त्र ठाऊक नाही' हा आक्षेपही तिथे टिकण्यासारखा नव्हता. लाइप्झिगला जे कोणालाच जमले नाही, ते येथे जमले: प्रत्येकाचा अधिकार त्याच्या हद्दीपुरता पूर्ण मानला गेला, आणि हद्दीपलीकडे कोणाचाच मानला गेला नाही.

तरीही जे अतिशय व्यासंगी आहेत ते या चाचणीत उतरलेच नाहीत, असे कोणी म्हटले, तर त्या म्हणण्याचा उपहास होऊ नये. उत्तरे न पाठविणाऱ्या चोवीस जणांत एखादा खरा जाणता असू शकेल, ही शक्यता तर्काने नाकारता येत नाही. मात्र तो जाणता कोण, हे निकालानंतर सांगून भागणार नाही. ज्योतिषांच्या परिषदांनी आपल्यातील श्रेष्ठ दहा-वीस नावे स्वतः निवडावीत, कोणता गुण कुंडलीत निश्चित दिसतो हे त्यांनीच ठरवावे, जन्मवेळ किती मिनिटांपर्यंत बिनचूक हवी तेही त्यांनीच सांगावे, आणि हा सारा करारनामा सह्यांनिशी आगाऊ व्हावा. आणि त्याच कागदावर चिकित्सकांनीही, किती उत्तरे बरोबर आली म्हणजे आपण माघार घेऊ, तो आकडा कुंडल्या वाटण्यापूर्वी लिहून द्यावा.