मुदत आणि योग्यता

दौंडसारख्या जंक्शनच्या गावी वाढलेल्या मनुष्यास वेळेचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. गाडी सुटली की सुटली. प्रवासी आळसामुळे चुकला की वाटेत एस.टी. बंद पडल्यामुळे, याची चौकशी ती करीत नाही. गाडीने ती करू नये हे योग्यच. परंतु विद्येचे दार ही गाडी आहे काय, हा प्रश्न अलीकडे घरोघरी उभा राहू लागला आहे.

शिरूरच्या एका स्नेह्यांनी तो आमच्यापुढे टाकला. त्यांच्या मुलाने जेईई मेन ही परीक्षा जानेवारीत दिली. गुण मध्यम आले. ही परीक्षा २०१९ पासून वर्षातून दोनदा होते आणि दोहोंतील चांगले गुण धरले जातात. तेव्हा एप्रिलची आशा शिल्लक होती. राज्याची सीईटी तर पुढेच होती. इतक्यात एका खाजगी विद्यापीठाचे पत्र आले, की हाती असलेल्या गुणांवर अमुक तारखेच्या आत पैसे भरून जागा निश्चित करावी. स्नेही म्हणाले, “जागा आज धरून ठेवतो, पुढे बरे काही मिळाले तर सोडून देईन. यात अन्याय होतो का, एवढे सांगा.”

प्रश्न सरळ आहे, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला संस्थेस विचारावयाचा. मुदत सर्वांस एकच असते हे खरे. परंतु त्या मुदतीपर्यंत पोहोचण्याची साधने सर्वांस सारखी नसतात. ज्याच्या घरी आगाऊ भरावयास पैसे आहेत, त्यास निकालाची वाट स्वस्थपणे पाहता येते. ज्याच्या घरी नाहीत, त्याने उत्तम गुण मिळवूनही तोवर दार मिटलेले असते. गुण मुलाची परीक्षा करतात, तारीख मात्र पुष्कळदा घराची परीक्षा करते. वक्तशीरपणा हाही गुणच, असे कोणी म्हणेल. मान्य, पण निकालच लागला नसेल, तर उशीर विद्यार्थ्याचा कसा?

ही अडचण केवळ आपल्याकडील नव्हे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या आरंभीच पुष्कळ महाविद्यालयांची पहिली मुदत संपते. तीपूर्वी सॅट परीक्षेचे चांगले गुण हाती यावेत, म्हणून जाणती कुटुंबे वर्षभर आधी आखणी करतात. हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ साली असे आगाऊ प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले. सुस्थितीतील मुलांसच त्यांचा लाभ होतो, हे कारण त्यांनी दिले. बहुतेक संस्थांनी त्यांचे अनुकरण केले नाही आणि २०११ साली दोघींनीही ती पद्धत पुन्हा स्वीकारल्याचे जाहीर केले. एकट्याने न्यायाने वागणे किती जड जाते, हे यावरून दिसते. परंतु त्यांनी आधी दाखविलेला दोष त्यामुळे खोटा ठरत नाही.

दुसरा प्रश्न आपणांस विचारावयाचा. जागा धरून ठेवणे पाप आहे काय? आमच्या मते, संशय आहे तोवर नाही. पुढचे दिसत नसताना एक आसरा राखणे ही दूरदृष्टी होय. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१८ साली नियम केला, की प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस वा अधिक आधी प्रवेश सोडणाऱ्यास पूर्ण शुल्क परत द्यावे. कायद्याने अशा रीतीने माघारीची वाट मोकळी ठेविली आहे. परंतु कायदा पैशांचा हिशेब करतो, जागेचा करीत नाही. आपणांस ती जागा नको हे ज्या दिवशी निश्चित कळले, त्या दिवसापासून ती अडवून ठेवणे म्हणजे दुसऱ्याचा वेळ फुकट खाणे होय. आणि जेथे प्रवेश मिळाल्यास तेथेच येईन असे आगाऊ वचन द्यावे लागते, जसे अमेरिकेतील ‘अर्ली डिसिजन’ या प्रकारात, तेथे इतरत्र डोळा ठेवून सही करणे हा सरळ शब्दभंग आहे.

हे सारे स्नेह्यांस सांगितले. त्यांनी पैसे भरले. पुढे जुलैत मुलाचे नाव सरकारी महाविद्यालयाच्या यादीत आले, आणि मनास पटलेली ती जागा मिळताच त्याच संध्याकाळी बापलेकांनी बसून पहिली जागा सोडल्याचे पत्र लिहिले. मुलगा म्हणाला, “अजून चार दिवस मुदत आहे, बाबा.” वडील म्हणाले, “आपल्याला आहे. जो वाट पाहतो आहे, त्याला नाही.”

त्या रिकाम्या जागेवर कोण आला, हे त्यांस ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही.